संत्र्याच्या मेलेल्या बुंध्यातले चिलट: एका नव्या प्रजातीच्या कामाच्या नोंदी

२२ जून

कळमेश्वर तालुक्यातल्या जुन्या संत्रा बगीच्यात सापळे लागले. दोन चांगले पाऊस होऊन गेले आहेत. डिंक्याने (बुंध्यातून डिंक गळवणाऱ्या रोगाने) मेलेल्या झाडांच्या बुंध्यांवर सालीच्या भेगांतून पांढरी बुरशी बाहेर आली आहे. मे महिन्यात, नागपूरचा पारा पंचेचाळिशीला टेकलेला असतो तेव्हा, इथे फंगस नॅटचा, म्हणजे बुरशीवर वाढणाऱ्या चिलटांचा, मागमूसही नसतो. या चिलटांच्या अळ्यांना ओल हवी आणि बुरशी हवी. दोन्ही मिळण्याचे दिवस आपल्याकडे मोजकेच.

डिंक्या ज्या फायटॉप्थोरामुळे होतो, ती खरी बुरशी नव्हे. पण झाड एकदा मेले की लाकूड कुजवणाऱ्या खऱ्या बुरश्या त्याचा ताबा घेतात. आम्हाला रस आहे तो या दुसऱ्या टप्प्यात.

एक मॅलेज सापळा मधल्या ओळीत लावला. स्वीडनच्या रेने मॅलेजने हा सापळा १९३४ च्या ब्रह्मदेश मोहिमेत वापरला आणि १९३७ साली त्याचे वर्णन छापले. तंबूत शिरलेले कीटक वरच्या कोपऱ्यात गोळा होतात, एवढ्याच निरीक्षणावर तो उभा आहे. पण मॅलेजमध्ये सापडलेले चिलट कुठून उडत आले ते कळत नाही. म्हणून तीन बुंध्यांवर काळ्या कापडाची खोळ घातली आणि वर पारदर्शक बाटली बसवली. आतून निघालेले चिलट उजेडाकडे जाते आणि बाटलीत पडते. ते त्याच बुंध्यातले, हे मग ठामपणे सांगता येते.

राखणदार काका सगळे बघत उभे होते. म्हणाले, "मॅडम, लोक बगीच्यातून संत्रा नेतात, नाहीतर पावसाळ्यात सात्या निघाल्या का इचारतात. तुमी चिलटाईले काऊन नेता जी?" त्यांना भिंगातून एक अळी दाखवली. पांढरट, आरपार दिसणारे अंग आणि चकचकीत काळे डोके. (सात्या म्हणजे पावसाळ्यात उगवणारी, खायची अळंबी.) काका बराच वेळ बघत राहिले. मग स्वतःच आणखी एका बुंध्याची साल उचलून दाखवली. तिथे जास्त होत्या.

३ जुलै

बाटल्या आल्या. निवडणी सुरू.

आम्हाला हवे ते फंगस नॅटचे सियारिडी कुळ. ते ओळखायला सोपे. दोन्ही संयुक्त डोळे शृंगिकांच्या वरून एका अरुंद पट्टीने जोडलेले असतात, त्याला नेत्रसेतू म्हणतात. बुंध्यांच्या बाटल्यांत बहुतेक हेच. मॅलेजमध्ये मात्र सगळा बाजार: गॉल मिज, फोरिड, कितीतरी बारीक गांधीलमाश्या. फेकायचे काहीही नाही, वेगळे करून ठेवायचे.

अल्कोहोलबद्दल मुलीला (एमएस्सीची विद्यार्थिनी, यापुढे फक्त 'मुलगी' लिहीन) बजावले: डीएनएसाठी ठेवायचे ते ९६ टक्क्यांत, विच्छेदनासाठी ठेवायचे ते ७० टक्क्यांत. ९६ टक्क्यांत अंग ठिसूळ होते, शृंगिका हात लावताच गळतात, आणि शृंगिका गेल्या तर अर्धे मोजमाप गेले.

९ जुलै

ब्रॅडिसिया. पुढच्या पायाच्या टिबियाच्या (नडगीच्या) टोकाला केसांची एक सरळ ओळ आहे, पाल्पचे (तोंडाजवळच्या स्पर्शकाचे) भाग तीन, पंखाच्या मागच्या शिरांवर केस नाहीत. वंशाबद्दल शंका उरली नाही.

वंश कळला म्हणून आनंद करण्यासारखे काही नाही. ब्रॅडिसिया हा सियारिडीतला सर्वांत मोठ्या वंशांपैकी एक. कुळात वर्णन झालेल्या प्रजाती अडीच हजारांहून अधिक आहेत, आणि त्यातला मोठा वाटा या वंशाचा. बाहेरून बघाल तर सगळी काळपट-तपकिरी, दोन-तीन मिलिमीटरची, एकसारखी. मादीवरून प्रजाती ठरवणे जवळपास अशक्य. नर हवा, आणि नराचे शेवटचे टोक हवे.

११ जुलै

आज दिवसभर एकाच नरावर काम केले. ही नोंद सविस्तर लिहिते, पुढे हिचीच गरज पडणार आहे.

उदराचे टोक कापून १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये रात्रभर ठेवले होते. सकाळी स्नायू विरघळून फक्त कायटिनचे कवच उरले होते. ॲसेटिक आम्लाचा एक थेंब टाकून क्षार मारला आणि तुकडा ग्लिसरीनच्या थेंबात घेतला. खालच्या बाजूने पाहिले तर दोन जाड गोनोकॉक्साइट, आणि त्यांच्या टोकांवर अडकित्त्याच्या पात्यांसारखे समोरासमोर वळलेले दोन गोनोस्टायलस. मिलनाच्या वेळी मादीला धरायचे अवयव हेच. प्रजाती बदलली की यांचा आकार बदलतो, काट्यांची संख्या बदलते, काट्यांची जागा बदलते.

या नरात गोनोस्टायलसच्या आतल्या कडेला, टोकाच्या थोडे आधी, एक स्पष्ट फुगवटा आहे. फुगवट्यावर तीन काटे, एकमेकांपासून सुटे. टोकाचा दात मात्र अगदी लहान, आजूबाजूच्या केसांत जवळपास लपलेला. दोन्ही गोनोकॉक्साइटच्या मधल्या खोबणीत केसांचा एक छोटा झुबका. असा मेळ मी ब्रॅडिसियात पाहिलेला नाही.

पण मला त्या फुगवट्यावर लगेच विश्वास ठेवायचा नाही. कव्हर स्लिपच्या दाबाने गोनोस्टायलस चपटा होतो, थोडा फिरतो, आणि नसलेला फुगवटा दिसू लागतो किंवा असलेला नाहीसा होतो. जुन्या स्लाइडींवरून केलेल्या कितीतरी आकृत्यांत हा दोष आहे. म्हणून आज कव्हर स्लिप न ठेवता, ग्लिसरीनमध्येच, केसाएवढ्या सुईने तुकडा फिरवत खालून, वरून आणि बाजूने पाहिले. तिन्ही बाजूंनी फुगवटा आहे. बाजूने तर जास्तच उठून दिसतो. कॅमेरा ल्यूसिडावर (सूक्ष्मदर्शकातले चित्र कागदावर गिरवू देणाऱ्या साधनावर) पेन्सिलने तिन्ही आकृत्या काढल्या. फोटो आहेतच, पण हाताने काढताना प्रत्येक केस कुठून निघतो ते ठरवावे लागते. कॅमेऱ्याला ते ठरवावे लागत नाही.

संध्याकाळी सरांना फोन केला. निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली, आवाज तसाच. सगळे ऐकून म्हणाले, "फुगवटा आहे, मान्य. पण एका नरात आहे. वेगवेगळ्या बुंध्यांतले आणखी नर बघ. मग नवीन म्हण."

१९ जुलै

वेगळ्या बुंध्यांतले नर पाहिले. फुगवटा सगळ्यांत आहे. काटे बहुतेकांत तीन, एकात डाव्या बाजूला चार. हा फरक वर्णनात लिहायचाच. "काटे तीन" असे छापले आणि उद्या कुणाला चार काट्यांचा नर मिळाला, तर तो त्याला आणखी एक नवी प्रजाती ठरवेल.

२ ऑगस्ट

तुलनेचे काम. सगळ्यांत लांब, सगळ्यांत कंटाळवाणे, आणि माझ्या मते खरे काम हेच.

"भारतातल्या यादीत नाही" एवढ्यावर प्रजाती नवी ठरत नाही. ब्रॅडिसिया मातीबरोबर, रोपांबरोबर, मशरूमच्या बेण्याबरोबर जगभर फिरते. इम्पेशन्स आणि ऑसेलॅरिस या दोन प्रजाती तर कुंड्यांच्या मातीतून कुठल्या कुठे पोचल्या आहेत. आपल्या चिलटाचे वर्णन शंभर वर्षांपूर्वी युरोपात किंवा आफ्रिकेत कुणी करून ठेवले असेल, तर आपण त्याला दिलेले नाव फक्त एक जास्तीचे नाव ठरेल, आणि पुढच्या माणसाला ते निस्तरत बसावे लागेल. बगीच्यात रोपवाटिकेतली कलमे येतात, म्हणजे बाहेरून माती येते. हा धोका आमच्या बाबतीत खराच आहे.

त्यामुळे तीन दिशांनी तपासणी. पहिली, ब्रुनेट्टीचे १९१२ चे काम, ब्रिटिश भारताच्या प्राणिसृष्टीच्या मालिकेतला नेमॅटोसेराचा (डास-चिलटांच्या गटाचा) खंड. त्या काळच्या रीतीप्रमाणे वर्णने मुख्यतः रंग आणि शिरांवर बेतलेली आहेत, नराच्या टोकाबद्दल फार थोडे. अशा वर्णनावरून कुणालाही बाद करता येत नाही. मूळ नमुना बघणे किंवा नंतर कुणी केलेले पुनर्वर्णन शोधणे, एवढाच मार्ग. दुसरी, मेंझेल आणि मोहरिग यांचे २००० सालचे पॅलिआर्क्टिक (युरोप आणि उत्तर आशियातल्या) सियारिडीवरचे जर्मन काम. आकृत्या इतक्या नेमक्या आहेत की भाषा न येणाराही अर्धे काम आकृतीवर करू शकतो. उरलेल्या अर्ध्यासाठी मी शब्दकोश घेऊन बसते आहे. तिसरी, दक्षिण आणि पूर्व आशियातले सुटे शोधनिबंध.

मुलीने मोठा तक्ता आखला आहे. प्रत्येक जवळच्या प्रजातीपुढे एकच प्रश्न: हिला बाद का केले? उत्तर एका वाक्यात लिहिता आले नाही तर ती प्रजाती तक्त्यातून हलणार नाही.

२८ ऑगस्ट

कुठली मादी या नरांच्या प्रजातीची, हा प्रश्न सुटत आला.

बुंध्यावरून जिवंत पकडलेल्या माद्या एकेकट्या डब्यांत ठेवल्या होत्या. ओल्या अगारवर यीस्ट आणि कुटलेले सुके मशरूम. अंड्यापासून प्रौढापर्यंत साधारण तीन-चार आठवडे लागतात. आता डबे उघडले. एका डब्यातली सगळी पिल्ले माद्या, दुसऱ्यातले सगळे नर. मुलगी घाबरली, तिला वाटले काहीतरी बिघडले.

बिघडलेले नाही. ब्रॅडिसिया कॉप्रोफिलात, जिला पूर्वी सियारा म्हणत, हे फार आधीपासून माहीत आहे. तिथे काही माद्या फक्त मुली देतात आणि काही फक्त मुलगे. मुलगा की मुलगी हे आईच्या गुणसूत्रांवर ठरते. गर्भ वाढू लागतो तेव्हा बापाकडून आलेल्या एक्स गुणसूत्रांपैकी एक टाकले जाते की दोन, यावर लिंग ठरते. त्याहून विलक्षण गोष्ट पुढे आहे: नर शुक्राणू बनवताना बापाकडून आलेली गुणसूत्रे टाकून देतो आणि पुढच्या पिढीला फक्त आपल्या आईकडचा वारसा देतो. जगात इतक्या ठिकाणी, कुंडीतल्या मातीतसुद्धा, हे रोज घडत असते याचे मला अजून नवल वाटते.

आमच्या कामाला याचा थेट उपयोग आहे. ज्या डब्यात सगळे नर निघाले, त्या नरांचे टोक तपासले. फुगवटा आहे, तीन काटे आहेत. म्हणजे त्यांची आई ही याच प्रजातीची मादी, यात वादाला जागा नाही. मादीचे वर्णन त्या आईवरून करायचे. मुलींच्या डब्यातल्या आईसाठी मात्र बारकोडवर, म्हणजे प्रजाती ओळखायला वापरतात त्या डीएनएच्या छोट्या तुकड्यावर, अवलंबून राहावे लागेल.

१७ सप्टेंबर

बारकोड आले. सीओआय जनुकाचा नेहमीचा ६५८ अक्षरांचा तुकडा, १९९४ सालच्या फोल्मर प्रायमरने. अख्खा कीटक प्रोटिनेज के या प्रथिने विरघळवणाऱ्या विकरामध्ये ५६ अंशांवर ठेवून डीएनए काढला, त्यामुळे कवच शाबूत राहिले. त्याच कवचाची स्लाइड करता येते, ज्याचा डीएनए त्याचेच टोक. दोन्ही डब्यांतल्या आया आणि बुंध्यातले नर एकाच गटात बसले. बोल्ड या बारकोडांच्या जागतिक संग्रहातल्या नाव असलेल्या कुठल्याही ब्रॅडिसियाशी जवळीक नाही.

यावरून मुलीशी बराच वाद झाला, आणि चांगला झाला. तिचे म्हणणे, बारकोड एवढा वेगळा आहे तर आकृत्यांत इतके दिवस कशाला घालवायचे? २०२१ मध्ये कोस्टा रिकातल्या ४०३ ब्रॅकोनिड गांधीलमाश्यांची वर्णने मुख्यतः बारकोडवर झालीच ना? झाली, आणि इतक्या प्रजाती पडून असताना वेग हवा हे तिचे म्हणणे मी खोडत नाही. पण ब्रॅडिसियाच्या बहुतेक जुन्या प्रजातींचे बारकोडच उपलब्ध नाहीत. ज्याचा बारकोड नाही त्याच्याशी बारकोडने तुलना कशी करणार? शिवाय काटोल-नरखेडच्या एखाद्या महाविद्यालयात बसलेल्या शिक्षकाकडे सूक्ष्मदर्शक असतो, सिक्वेन्सिंगचे पैसे नसतात. त्याला आमची आकृती बघून "हेच ते" म्हणता आले पाहिजे. माझ्या लेखी वर्णन पुरे झाले की नाही याची कसोटी ही.

सिंगापूरच्या गटाने दोन्ही केले: बारकोडने गट पाडले, मग आकार तपासून मायसेटोफिलिडी या फंगस नॅटच्याच दुसऱ्या कुळातल्या शंभराहून अधिक नव्या प्रजाती एकाच कामात लिहिल्या. एवढ्याशा, इमारतींनी भरलेल्या बेटावर. विदर्भात किती असतील!

५ ऑक्टोबर

मोजमाप. पंख दोन मिलिमीटरच्या किंचित वर. शृंगिकेच्या चौदा फ्लॅजेलोमियरपैकी (मण्यांसारख्या भागांपैकी) चौथ्याची लांबी रुंदीच्या दुपटीहून जरा जास्त. या कुळात तुलनेसाठी चौथाच धरतात, म्हणून सगळ्यांनी चौथाच मोजायचा. मुलीने सगळे पुन्हा स्वतंत्र मोजले. जुळले.

१२ नोव्हेंबर

बगीच्यात गेले. मालक मेलेली खोडे उपटून नवी लागवड करणार आहेत. त्यांची बाजू रास्त आहे. रोगट खोडे ठेवून नवी कलमे लावणारा शेतकरी स्वतःचेच नुकसान करतो. पण प्रजातीचे मूळ ठिकाण हेच लिहिले जाणार, आणि पुढे कुणाला त्याच ठिकाणचे नमुने हवे असतील तर तिथे काहीतरी शिल्लक पाहिजे. काकांनी मार्ग काढला. बांधापलीकडे, नव्या ओळींपासून लांब, नाल्याच्या काठी पडीक जागा आहे. "तिथं दोन खोडं नेऊन ठेवतो मॅडम, ओल बी राह्यते तिथं." मालकांनी होकार दिला. खोडांसोबत रोगाची माती तिकडे जाऊ नये म्हणून मुळे कापून फक्त वरचा भाग न्यायचे ठरले. तिथे प्रजाती टिकते का ते पुढच्या पावसाळ्यात कळेल.

९ डिसेंबर

कायमच्या स्लाइडी. अल्कोहोलच्या चढत्या पायऱ्या, मग लवंगतेल, मग कॅनडा बाल्सम. डोके, पंख, पाय आणि टोक वेगवेगळ्या कव्हर स्लिपखाली, पण एकाच स्लाइडवर. टोक खालची बाजू वर करून. हवेत गारवा आहे, बाल्सम वाळायला आठवडे घेईल, म्हणून स्लाइडी ४० अंशांच्या पेटीत.

होलोटाइप, म्हणजे प्रजातीचे नाव ज्याला कायमचे बांधले जाते तो नमुना, निवडला. सगळ्यांत देखणा नर नव्हे. ज्याचा बारकोड आहे, ज्याची ग्लिसरीनमधली तिन्ही बाजूंची आकृती आहे, दोन्ही शृंगिका पूर्ण आहेत आणि ज्याचा बुंधा माहीत आहे, तो. पुढे कुणी या प्रजातीबद्दल वाद घातला तर निकाल या एका नमुन्यावर लागणार. लाल लेबल मुलीच्या हाताने लावले.

२० जानेवारी

मसुदा. आंतरराष्ट्रीय प्राणिनामकरण संहितेच्या चौथ्या आवृत्तीप्रमाणे (१ जानेवारी २००० पासून लागू) काही गोष्टी असल्याच पाहिजेत: प्रजाती नवी आहे असे स्पष्ट विधान, वेगळेपण सांगणारी वैशिष्ट्ये शब्दांत, होलोटाइप कोणता आणि तो कुठल्या संग्रहात राहणार. नियतकालिक फक्त ऑनलाइन निघते, त्यामुळे २०१२ च्या दुरुस्तीप्रमाणे झूबँकवर (प्राणिनामांच्या अधिकृत नोंदवहीत) आधी नोंदणी आणि तिचा क्रमांक निबंधात हवा.

नाव ठरले आहे. ते इथे लिहिणार नाही. रीतसर वर्णन छापून येण्याआधी नाव बाहेर फिरू लागले की पुढे गोंधळ होतो. एवढेच लिहिते की ब्रॅडिसिया स्त्रीलिंगी आहे, आणि मुलीने विशेषणाचा शेवट त्याप्रमाणे स्वतः जुळवला.

कायद्याची बाजूही पुरी करायची. २००२ च्या जैवविविधता कायद्याच्या कलम ३९ नुसार नवा प्राणी सापडला तर नेमलेल्या भांडाराला कळवून नमुना तिथे ठेवावा लागतो. प्राण्यांसाठी ते भांडार म्हणजे भारतीय प्राणी सर्वेक्षण, कोलकाता. संस्था १९१६ पासूनची, आणि ब्रुनेट्टीचे बरेच नमुनेही तिथेच. राज्य जैवविविधता मंडळाचे मुख्यालय नागपुरातच असल्याने तिथली विचारपूस प्रत्यक्ष जाऊन केली.

६ मार्च

दोन परीक्षकांची उत्तरे आली. एकाचे म्हणणे, आफ्रिकेतल्या प्रजातींशी तुलना कमी आहे. योग्य आहे, तक्त्यात ती होती पण मसुद्यात संक्षेप झाला होता. पूर्ण परिच्छेद घातला. दुसऱ्याने तोच प्रश्न विचारला जो मला जुलैत पडला होता: फुगवटा दाबामुळे तर नाही? ग्लिसरीनमधली बाजूची आकृती पुरवणीत होती, ती मुख्य आकृत्यांत आणली आणि पद्धतीच्या भागात तिच्याबद्दल चार ओळी वाढवल्या. मादीचा दुवा त्याला पटला, आणि एकाच लिंगाच्या पिल्लांबद्दलची निरीक्षणे वेगळ्या टिपणात छापा असे त्याने सुचवले आहे. ते टिपण मुलगी पहिल्या लेखिकेच्या नावाने लिहील.

सरांना परीक्षकांची पत्रे वाचून दाखवली. म्हणाले, "दुसरा माणूस चांगला आहे. त्याला नीट उत्तर लिही."

२१ मार्च

होलोटाइप आणि काही पॅराटाइप (वर्णनात वापरलेले बाकीचे नमुने) कोलकात्याला कुरिअरने पाठवायचे नाहीत, एवढे पक्के. काचेच्या स्लाइडी हातात घेऊन रेल्वेने जायचे. उरलेले पॅराटाइप पुण्याला, आकुर्डीच्या पश्चिम प्रादेशिक केंद्रात, म्हणजे महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्यांना बघायला जवळ पडतील. कोलकात्यात नोंदणी क्रमांक मिळाला की मसुद्यात सोडलेल्या दोन मोकळ्या जागा भरायच्या, मुलीकडून सगळी लेबले मूळ वहीशी पुन्हा ताडून घ्यायची, आणि सुधारित प्रत संपादकांकडे पाठवायची.